खंडेनवमीला सांडलेले कूलंट

या पानावर बहुतेक वेळा सहल, कॅम्प किंवा परेडविषयी लिहिले जाते. मी मात्र एका कपभर हिरव्या द्रवाविषयी लिहिणार आहे. तो माझ्या हातून आमच्या घरच्या संगणकात सांडला. त्यानंतरच्या चार दिवसांत मला जे कळले, ते आपल्या संगणक प्रयोगशाळेत आणि तुमच्या घरीही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. खानापूर-आटपाडी भागातली अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. त्यांतले आमचे एक. आजोबा पिरियापट्टणला आले आणि तिथलेच झाले. म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हुणसूरच्या पुढे आणि कुशालनगरच्या अलीकडे हे तालुक्याचे गाव आहे. बैलकुप्प्याची तिबेटी वसाहत याच तालुक्यात आहे. चहूकडे व्हर्जिनिया तंबाखूची शेती. दसऱ्याच्या सुमारास पाने भाजण्याच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात आणि गावभर तो गोडसर वास असतो. खाली पप्पांचे दुकान, वर आमचे घर.

माझा दादा म्हैसूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने जुने भाग गोळा करून एक संगणक जोडला होता आणि हौसेने त्याला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था बसवली होती. मोटारीच्या रेडिएटरसारखीच ती असते. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याचा पोकळ ठोकळा, त्यातून पंपाने फिरवलेला द्रव, तो गरम होऊन नळीवाटे पंख्यासमोरच्या रेडिएटरमध्ये जातो आणि निवून परत येतो. हे काही फक्त हौशी लोकांचे खूळ नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत सी-डॅकने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून बसवलेला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो. फरक इतकाच की तिथल्या जोडण्या तपासायला माणसे नेमलेली असतात. आमच्या घरी दादा होता, आणि तो म्हैसूरला होता.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे आणि हत्यारे पुजतात. कर्नाटकात त्याच दिवशी आयुधपूजा असते. बसपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हार घालतात, कुंकू लावलेले कोहळे रस्त्यावर फोडतात. आमच्या दुकानात मूस, सांडशी, तराजू आणि भट्टी यांची पूजा होते. त्यांच्या रांगेत संगणकालाही बसवायचे असे मी ठरवले. बाजूचे झाकण काढून ब्रशने धूळ झाडली. मग पाटावर ठेवण्यासाठी संपूर्ण डबा उचलला आणि जिन्याच्या वळणावर तो थोडा तिरका झाला. ग्राफिक्स कार्डाजवळची नळी तिच्या तोंडापासून सटकली. टपटप नव्हे, भळकन द्रव आला. कार्डाच्या पाठीवरून तो खालच्या स्लॉटमध्ये गेला, मदरबोर्डावरून ओघळला आणि तळाशी असलेल्या वीजपुरवठ्याच्या पेटीत काही थेंब पडले.

मी नळी पुन्हा बसवली, डबा जागेवर आणला आणि कोरड्या फडक्याने सगळे पुसले. वरून पाहता काही ओले दिसत नव्हते. दादा रात्री येणार होता. त्याआधी आपल्याला खात्री हवी, असे वाटले आणि मी प्लग लावून बटण दाबले. पंख्याने अर्धा गिरका घेतला, दिवा लुकलुकला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि सगळे बंद पडले.

त्या संगणकात दोन गोष्टी होत्या. पप्पांच्या दुकानाचा सहा महिन्यांचा हिशेब, म्हणजे कोणाचे किती तोळे आले आणि किती देणे आहे ते सगळे. आणि दादाचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. त्याचे सादरीकरण दसऱ्यानंतरच्या सोमवारी होते. दोन्हींची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मी मामांना फोन केला. मामा सैन्याच्या ईएमई कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ईएमई म्हणजे सैन्यातल्या रणगाड्यांपासून रेडिओ संचापर्यंत सगळ्यांची दुरुस्ती करणारी शाखा. तिची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ ची. मामांची सगळी नोकरी संदेशवहनाच्या उपकरणांवर गेली. हल्ली ते विट्याला असतात. त्यांचा पहिला शब्द होता, “प्लग काढला का?” मी म्हणालो, नुसते बटण बंद आहे. “बटण नव्हं रं, भिंतीतनं प्लग काढ आधी. मग बोलू.”

यामागचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. संगणक बंद दिसत असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत मदरबोर्डाला ५ व्होल्टचा ‘स्टँडबाय’ पुरवठा चालूच असतो. त्याच्यामुळेच तर समोरचे छोटे बटण काम करते. म्हणजे ओल्या बोर्डावर वीज सतत उभी असते. प्लग काढल्यावर ते बटण दहा सेकंद दाबून धरायचे, म्हणजे उरलेला भार निघून जातो. शिवाय बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते, तीही काढायची.

मग त्यांनी विचारले, “सांडल्यावर चालू केलं होतंस?”

मी म्हणालो, “नाही.”

मामांनी त्यावर विश्वास ठेवला आणि पुढचे सांगू लागले. ते जे सांगत होते ते लिहून घेताना मला समजत गेले की त्यांचा सगळा बेत माझ्या त्या ‘नाही’वर उभा आहे. वीज न फिरलेला भाग धुऊन वाळवला की पुरते. वीज फिरलेल्या भागाला मात्र भिंगाखाली घालून पाहावे लागते, आणि संशयास्पद भाग चांगल्या भागांना जोडायचा नसतो. नाहीतर एक मेलेला भाग तीन जिवंत भागांना घेऊन जातो. अर्ध्या तासाने मी पुन्हा फोन लावला आणि सांगितले की मी बटण दाबले होते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “किती वेळ?” मी म्हणालो, एक सेकंद, फार तर दोन. “ठीक आहे. आता कागद फाड आणि नव्यानं लिही.” एवढेच.

आता थोडे विज्ञान. शुद्ध पाणी विजेचे फार वाईट वाहक आहे. अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सिअसला सेंटीमीटरला सुमारे ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. नळाच्या पाण्याची वाहकता त्याच एककात शेकड्यांमध्ये मोजतात. हा फरक पाण्याचा नाही, त्यात विरघळलेल्या क्षारांचा आहे. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या अमेरिकन महासंगणकाचे तर सगळे बोर्डच एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असत आणि तो तसाच चालत असे. तेव्हा ‘ओले झाले म्हणजे मेले’ हे खरे नाही. द्रवात काय विरघळले आहे आणि त्या क्षणी वीज होती का, हे दोन प्रश्न खरे.

कूलंटमध्ये साधारणपणे ऊर्ध्वपातित पाणी, ग्लायकॉल, गंजरोधक रसायन, शेवाळ होऊ नये म्हणून औषध आणि रंग असतो. नवी बाटली फोडली तेव्हा त्याची वाहकता कमी असते. पण महिनोन् महिने तांब्या-पितळेतून फिरल्यावर त्यात धातूचे आयन उतरतात. दादाचे कूलंट वर्षभर जुने होते. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटमधल्या पिना एकमेकींपासून १ मिलिमीटर अंतरावर असतात. त्यांतल्या काहींवर १२ व्होल्ट असतात आणि कार्डाच्या मुख्य चिपला लागतो जेमतेम १ व्होल्टच्या आसपासचा दाब. मध्ये खारट ओलावा असेल तर मोठा दाब नको त्या वाटेने शिरतो. हे एका सेकंदात होऊ शकते.

दुसरे नुकसान सावकाश होते. ओलावा आणि दाब दोन्ही असले की एका टोकाच्या धातूचे आयन सुटतात, दुसऱ्या टोकाकडे जातात आणि तिथे पुन्हा धातू होऊन साचतात. केसासारखी बारीक फांदी वाढत वाढत पलीकडच्या टोकाला टेकते आणि मग शॉर्ट होतो. हे मामा फोनवर सांगत होते तेव्हा स्पीकर चालू होता. पप्पा शेजारी बसले होते. ते एकदम म्हणाले, “म्हणजे आपल्या बादलीतल्या चांदीसारखं!” गलाईत अशुद्ध चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात आणि त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. पट्टीवर चांदीची पांढरी पिसे फुटतात आणि पाणी निळे होत जाते. तिथे काम तांबे करते, बोर्डावर ते वीज करते, हा फरक. पण चांदीची ती पिसे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. बोर्डावर तसेच काही उगवत असेल ही कल्पना मला त्या दिवशी पहिल्यांदा खरी वाटली.

साहित्य जमवायला मी सायकलवर निघालो. बसस्टँडजवळच्या बॅटरीच्या दुकानात पूजा चालू होती. दुकानदाराने प्रसाद दिला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा डबा दिला. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळाले. त्याला दुकानात सगळे ‘आयपीए’ म्हणतात. इथे एक सावधगिरी सांगतो. घरात सॅनिटायझरची बाटली असते, ती चालत नाही. हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ घातलेले असतात आणि ते बोर्डावर चिकटून राहतात. आयपीएच्या बाटलीवर ९९ टक्के लिहिलेले पाहूनच घ्यावी.

पाणी सांडलेल्या वस्तूवर आणखी पाणी का ओतायचे, हे आईला पटत नव्हते. मलाही आधी पटले नव्हते. कारण असे की कूलंटमधले पाणी वाळते, ग्लायकॉल वाळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १८८ अंश सेल्सिअस आहे, एथिलीन ग्लायकॉलचा १९७. साध्या हवेत ते दिवसेंदिवस तसेच राहते आणि वर हवेतली दमट ओढून घेते. म्हणजे नुसते वाळवले तर चिप्सच्या खाली एक चिकट, क्षारांनी भरलेला थर कायम राहील आणि पुढे कधीतरी घात करील. ग्लायकॉल पाण्यात सहज मिसळते, म्हणून शुद्ध पाण्याने ते धुऊन काढायचे. मग आयपीएने ते पाणी घालवायचे, कारण आयपीए पाण्यात मिसळते आणि लवकर उडते.

मामांनी यावर २०१९ च्या ऑगस्टमधली हकिकत सांगितली. त्या वर्षी सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती. पूर ओसरल्यावर ते एका नातेवाइकाच्या दुकानात मदतीला गेले. चिखलाने भरलेले संगणक लोकांनी आधी उन्हात वाळत घातले होते. गाळ सिमेंटसारखा घट्ट बसला आणि ते बहुतेक गेले. मामांच्या हाती लागले ते दोन अजून ओलेच होते. त्यांनी ते आधी स्वच्छ पाण्याने धुतले, मग वाळवले, आणि दोन्ही चालले.

मोठ्या पातळीवरही हेच करतात. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले. त्याच्या नोंदयंत्राचा स्मृतिभाग सुमारे ३९०० मीटर खोलीवरून मे २०११ मध्ये वर काढला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. समुद्रातून काढलेली अशी यंत्रे वाळू देत नाहीत, पाण्यातच ठेवून प्रयोगशाळेत नेतात. हवा लागली की क्षारांनी गंज झपाट्याने धरतो. फ्रान्समध्ये तो बोर्ड धुतला, सावकाश वाळवला आणि मगच त्याला वीज दिली. शेवटच्या दोन तासांचा आवाज आणि उड्डाणाची सगळी आकडेवारी त्यातून मिळाली. आमच्या संगणकाला तर फक्त चार तास झाले होते.

आमचे काम संध्याकाळी गच्चीवर सुरू झाले. घरात घट बसलेले होते आणि नंदादीप अखंड तेवत होता. आयपीए साधारण १२ अंशांवरही पेटण्याइतकी वाफ सोडते, म्हणून ते घरात उघडायचे नाही असे मामांनी निक्षून सांगितले. दुकानात तर मुळीच नाही. तिथे भट्टी, आणि शिवाय ॲसिडची वाफ. ती वाफ बोर्डाला कूलंटपेक्षा वाईट. गच्चीवर पत्र्याखाली वारा होता आणि पाऊस नुसता भुरभुरत होता.

आधी उघडलेल्या संगणकाचे सहा फोटो काढले, कोणती वायर कुठे आहे ते कळावे म्हणून. नळ्यांतला उरलेला द्रव वाडग्यात काढला. रंगीत कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असेल तर ते विषारी असते आणि चवीला गोड लागते. कुत्री ते चाटतात. म्हणून तो वाडगा लगेच बाटलीत ओतून, झाकण लावून, चिठ्ठी चिकटवून वर ठेवला. मग भाग एकेक करून काढले. आमच्या दुकानातल्या सोन्याच्या मण्यांच्या छोट्या वाट्या स्क्रूंसाठी फार सोयीच्या निघाल्या. प्रत्येक वाटीत एका भागाचे स्क्रू.

पप्पांनी दागिने पाहायचे भिंग आणले. इथे त्यांचा अनुभव माझ्या पुस्तकांपेक्षा मोठा ठरला. प्रोसेसरच्या खाचेजवळ त्यांनी पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, “इथं काही गेलेलं नाही, झाकण उघडूच नको.” त्या खाचेत केसासारख्या शेकडो पिना असतात आणि एक वाकली तरी बोर्ड वाया जातो. जिथे ओले नाही तिथे हात घालायचा नाही, हे मामांनीही मान्य केले. ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी दातांजवळ मात्र पप्पा थांबले. दोन टोकांमध्ये काळपट डाग होता आणि त्याच्या कडेला हिरवट कड. “हे तांब्याचं आहे,” ते म्हणाले. माझ्या त्या एका सेकंदाची ती खूण होती.

सगळ्यात आधी एसएसडी घेतला. बोटाच्या दोन पेरांएवढी ती पट्टी ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली बसवलेली होती आणि तिचे दात हिरव्या द्रवात भिजलेले होते. त्या दातांमधले अंतर तर अर्धा मिलिमीटर. नवीन मऊ टूथब्रशने, दाब न देता, डिस्टिल्ड पाण्याची बारीक धार सोडत तो तीन वेळा धुतला आणि मग आयपीएने दोनदा. धुणे पुरे झाले की नाही हे ओळखण्याची मामांची युक्ती फार साधी होती. शेवटच्या पाण्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर ठेवून वाळू द्यायचा. काचेवर कडे उमटले किंवा बोटाला चिकट लागले तर आणखी एकदा धुवायचे. आमचे दुसऱ्या वेळेला कडे उमटले होते. तिसऱ्या वेळी काच स्वच्छ राहिली.

रॅम तशीच धुतली. मदरबोर्ड प्रोसेसरचा भाग वर राहील असा तिरका धरून फक्त खालचा अर्धा धुतला, स्लॉटच्या आत पिचकारीने पाणी सोडले. ग्राफिक्स कार्डाचा तांब्याचा ठोकळा आणि मधल्या मऊ पट्ट्या काढून ते वेगळे धुतले. वीजपुरवठ्याची पेटी धुतली नाही आणि उघडलीही नाही. तिच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टहून जास्त दाब राहू शकतो. त्या पेटीतून २३० व्होल्ट जातात, तिच्यात द्रव गेल्यावर ती परत वापरायची नाही, असा मामांचा हुकूमच होता. हार्डडिस्क असेल तर तीही अशी धुऊ नये. तिला हवेसाठी बारीक भोक असते.

दादा रात्री साडेदहाला आला. दसऱ्याच्या गर्दीने म्हैसूरहून बसच मिळत नव्हती. मी जिन्यातच त्याला सगळे सांगितले, बटणासकट. तो काही बोलला नाही. गच्चीवर गेला, वाळत घातलेले भाग पाहिले, आणि एसएसडीवर पंख्याचा वारा नीट येत नाही म्हणून पंखा वळवला. तो जेवला नाही, हे मला आईकडून सकाळी कळले.

वाळवणे हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. दसऱ्याचा दिवस पावसाळी होता. शेजारच्या काकांनी सुचवले की भाग तंबाखूच्या भट्टीत ठेवा, शेवटी तिथे ७० अंशांपर्यंत उष्णता असते, एका रात्रीत खडखडीत होतील. बोर्डाचे डाक वितळायला २०० अंशांच्या वर जावे लागते, त्यामुळे ७० अंशांत डाक सुटले नसते. पण त्या बंद खोलीत हिरव्या पानांतून निघालेलीच वाफ भरलेली असते. दमट काढायला दमटातच नेण्यासारखे ते झाले असते. आईने तांदळाच्या डब्याचा उपाय सांगितला. तांदूळ चिपखालचा ओलावा ओढून काढत नाही, उलट त्याचे पीठ स्लॉटमध्ये जाते. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको, ती ओलावा आणखी आत ढकलते. शेवटी घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत, भाग उभे ठेवून, टेबलफॅन ३६ तास चालू ठेवला. आपट्याची पाने द्यायला आलेले लोक त्या पंख्यासमोरच्या आराशीकडे पाहून आईला विचारत होते की ही कसली पूजा.

रविवारी सकाळी दादाने एसएसडीसाठी यूएसबीची छोटी पेटी कुशालनगरहून आणली. इतके भाग असताना पहिली चाचणी याचीच का, तर बाकीचे सगळे विकत मिळते. आणि दादाच्या लॅपटॉपला लावल्यामुळे आमच्या संशयित बोर्डाशी त्याचा संबंधच येणार नव्हता. मात्र लावल्यावर जे दिसेल ते आधी उतरवून घ्यायचे, फाइल उघडून बघत बसायचे नाही, असे ठरले होते. भाग एकदाच जिवंत होईल आणि पुन्हा कधीच नाही, असेही होऊ शकते.

दादाने वायर लावली. काही झाले नाही. त्याने वायर काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावली. चार-पाच सेकंदांनी खिडकी उघडली. तिच्यात ‘दुकान’ नावाचा फोल्डर दिसला. पप्पा खुर्चीवर बसले. उतरवायला दीड तास लागला, तोवर कोणी खोलीतून हलले नाही. दादा सोमवारी पहाटेच्या बसने गेला.

बोर्डाची चाचणी पुढच्या आठवड्यात झाली, तोवर मी शाळेत परतलो होतो. दादाने नवा वीजपुरवठा आणला. बोर्ड डब्यात न बसवता पुठ्ठ्यावर मांडला, एकच रॅम लावली आणि ग्राफिक्स कार्ड न लावता प्रोसेसरच्या स्वतःच्या चित्रजोडणीवर पडदा लावला. तो चालू झाला. मग दुसरी रॅम, मग पंखे, दर वेळी बंद करून, प्लग काढून. सगळे टिकले. ग्राफिक्स कार्डाला मामांच्या सांगण्यावरून या बोर्डाला लावलेच नाही. म्हैसूरच्या दुरुस्तीवाल्याने त्याच्या बाकावर तपासले. डागाजवळचे दोन छोटे भाग त्याने बदलले, पण मुख्य चिपच बोलत नव्हती. दादाने ते कार्ड जुने असूनही १७,००० रुपयांना घेतले होते. सुट्टीतल्या शिकवणीचे पैसे साठवून.

त्याच्या शेजारीच, तितकीच भिजलेली रॅम आणि एसएसडी आज ठणठणीत आहेत. म्हणून मी असे समजतो की कार्ड कूलंटने गेले नाही. मामा म्हणतात, तेही नक्की सांगता येणार नाही, प्लग सुरुवातीपासून लावलेलाच असता तरी काही ना काही गेले असते. पण प्लग मी नंतर लावला, हे त्यांनाही माहीत आहे.

ज्यांच्या घरी असा संगणक असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. नळ्या नव्याने बसवल्या की संगणक चालू न करता फक्त पंपाला वेगळ्या वीजपुरवठ्यावर चालवून पाहतात. प्रत्येक जोडाखाली टिपकागद ठेवतात आणि २४ तास सोडून देतात. कागदावर डाग पडला तर जोड घट्ट करायचा, बोर्डाला तोवर वीज नाही. डबा हलवायचा असेल तर आधी द्रव काढायचा. दादाने मात्र या सगळ्याचा नाद सोडला आणि साधा पंखा बसवला. आवाज थोडा जास्त येतो.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा मेलेले कार्ड दुकानाच्या कपाटात होते. पप्पांनी ते भिंगाखाली धरून त्याचे सोनेरी दात पाहिले होते आणि मला विचारले की यात सोने किती असेल. मी वहीत हिशेब मांडला. तो मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, म्हणजे सगळे दात मिळून फार तर काही मिलिग्रॅम. पप्पा हसले. “एवढ्यासाठी ॲसिड कोण जाळील?” म्हणाले. शिवाय असा कचरा घरी गाळायचा नाही, तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा असे २०२२ चे ई-कचरा नियम सांगतात. जुनी वीजपेटी आणि कार्ड दोन्ही एका पिशवीत बांधली आहेत. दादा पुढच्या खेपेला म्हैसूरला नेणार आहे. पिशवीवर पप्पांनी दुकानातल्या पावतीमागे लिहून चिठ्ठी लावली आहे, कन्नडमध्ये आणि मराठीत : ‘ओले होते. प्लग लावू नये.’